डिझेल : आडनाव, इंजिन, तेल आणि भाडे

मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली मुंबईत निघाली. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तिची एखादी पुनर्मुद्रित प्रत असेल. त्यात 'तेल' आहे, तेलाचे समास आहेत, तेलाच्या म्हणी आहेत. 'डिझेल' असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ज्या माणसाचे ते नाव तो अजून जन्मायचा होता. रुडॉल्फ डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले तेव्हा कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले, आणि मुलाला शिक्षणासाठी औग्सबुर्गला नातेवाइकांकडे पाठवले गेले. पुढे म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडे हे शीतकरणाचे मोठे तज्ज्ञ त्यांना शिकवायला होते. वाफेचे इंजिन कोळशातल्या उष्णतेचा किती थोडा भाग कामी लावते, हे तिथे कळले आणि ती गोष्ट या तरुणाच्या मनाला लागून राहिली.

त्यांची युक्ती सांगायला सोपी आहे. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो हे आपण सगळ्यांनी अनुभवले आहे. हवा दाबली की तापते. ती मूळच्या आकारमानाच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शात कोंबली, तर पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि त्या हवेत तेलाचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. ठिणगी नको, वात नको. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी पाडणारा प्लग लागतो, याला तो लागत नाही. १८९२ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १८९३ साली औग्सबुर्गच्या कारखान्यात पहिले चाचणी-इंजिन उभे राहिले, आणि १८९७ सालच्या चाचणीत इंजिनाने उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामी लावली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे स्वप्नातही शक्य नव्हते.

आता या गोष्टीतला भाषेचा भाग पाहा. इंजिन बनवताना त्यांच्या मनात आधी कोळशाची भुकटी होती. १८९७ ची यशस्वी चाचणी दिव्यात जाळायच्या तेलावर झाली, म्हणजे आपल्या भाषेत घासलेटावर. १९०० सालच्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात या जातीचे एक छोटे इंजिन चक्क भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले. तेव्हा 'डिझेल' नावाचे तेल कुठेच नव्हते. इंजिनाला काय नाव द्यावे याचा बराच खल झाला आणि शेवटी पत्नीने सुचवले की सरळ तुमचेच नाव द्या, असे सांगतात. अशा रीतीने आडनावाचे इंजिन झाले. पुढे या इंजिनाला मानवणारे, पेट्रोलपेक्षा जड असे खनिज तेल शुद्धीकरण कारखान्यांतून वेगळे काढले जाऊ लागले आणि इंजिनाचे नाव तेलाला मिळाले. स्वतः डिझेल यांनी तेलाचा हा बोलबाला पाहिला नाही. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडकडे जाणाऱ्या 'ड्रेस्डेन' बोटीवरून ते नाहीसे झाले. अपघात की आत्महत्या, याचा उलगडा आजवर झालेला नाही.

मराठीत हा क्रम उलटा लागला. आपल्याला आधी तेल कळले. 'डिझेल इंजिन' म्हणजे डिझेलवर चालणारे इंजिन, असेच आपण समजतो. डिझेलने शोधलेले इंजिन असे कोणाच्याही मनात येत नाही. याला आपली लिपीही थोडी जबाबदार आहे. रोमन लिपीत विशेषनामाचे पहिले अक्षर मोठे असते, म्हणून व्होल्ट, वॅट, अँपिअर ही माणसे होती याची एखादी खूण तरी उरू शकते. देवनागरीत थोरली आणि धाकटी अक्षरे नाहीत. माणूस आत शिरला की तो पदार्थच होऊन जातो. गोदरेजचे कपाट झाले, डालडाचे वनस्पती तूप झाले, आणि जर्मन इंजिनिअराचे तेल झाले.

लिंग मात्र कोणी न शिकवता अचूक ठरले. 'डिझेल' नपुंसकलिंगी: ते डिझेल, डिझेल महागले, डिझेल संपले. तेल नपुंसकलिंगी, पाणी नपुंसकलिंगी, म्हणून पेट्रोल आणि डिझेलही त्याच पंगतीत बसले. उच्चाराची गंमत आणखी बारीक आहे. अस्सल मराठी शब्दांत 'इ' आणि 'ए' या स्वरांपूर्वीचा 'झ' तालव्य असतो. झेंडा, झेप, झेलणे हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'डिझेल'मध्ये मात्र 'ए'पूर्वी आपण दंत्य 'झ' उच्चारतो, म्हणजे हा पाहुणा घरचा नियम मोडून आत आला आहे. खेड्यातला माणूस 'डिजल' म्हणतो तेव्हा शहरातला हसतो. वास्तविक मराठीच्या वळणाला तोच अधिक धरून आहे.

भाषाशुद्धीच्या चळवळीने आपल्याला दिनांक दिला, महापौर दिला. डिझेलला तिचा हात लागला नाही. 'इंधन' हा जुना संस्कृत शब्द सरकारी कागदात येतो खरा, पण तो जातीचा शब्द आहे, व्यक्तीचा नव्हे. 'इन्ध्' म्हणजे पेटवणे; समिधा हा शब्दही त्याच धातूचा. पंपावर गाडी लावून 'वीस लिटर इंधन घाला' असे म्हणणाऱ्या माणसाकडे पंपावरचा पोरगा दोनदा पाहील.

एवढे झाल्यावर आपल्या मुलखाकडे वळू.

डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ साली, सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांच्या हाती गेले. नव्या काबिजादी त्या याच. जुन्या काबिजादींचा पहिला धर्मछळ इथे पोचला नाही, म्हणून देवळे जागेवर राहिली आणि देवळांबरोबर कीर्तन, पोथी, जमाखर्च यांची मराठीही राहिली. आपली घरे त्याच वहिवाटीतली. पण राजवट पोर्तुगीज असल्यामुळे यंत्रयुगाचे शब्द आपल्याकडे मुंबईमार्गे जसे आले तसे लिस्बनमार्गेही आले, आणि हे दोन थर आपल्या बोलण्यात एकमेकांवर बसले आहेत.

खालच्या थरातला माझा आवडता शब्द म्हणजे 'गाझोलिना'. पोर्तुगीजमध्ये 'गासोलिना' म्हणजे पेट्रोल. गोव्यात मात्र हे नाव बोटीलाच पडले. पणजी आणि बेती यांच्यामध्ये ये-जा करणारी मोटारलाँच म्हणजे गाझोलिना. पेडण्याच्या माणसाला पणजी गाठायची तर आधी शापोरा ओलांडायची आणि मग मांडवी. घरातल्या वृद्धांकडून 'गाझोलिनान गेलो' असे ऐकलेली पिढी अजून आहे. तेलाचे नाव वाहनाला लागले हे इथे लक्षात घ्या. जर्मनीत माणसाचे नाव तेलाला लागले, आपल्याकडे तेलाचे नाव बोटीला. शब्द असे शेजारच्या वस्तूवर सरकत जातात. घरमालक मेला तरी पाटी तशीच राहते.

आणि पोर्तुगालमध्ये डिझेलला काय म्हणतात? तिथल्या पंपावर आजही 'गासोलेओ' लिहिलेले असते. १९ डिसेंबर १९६१ ही तारीख थोडी पुढे गेली असती, तर कदाचित आपणही तोच शब्द मराठी विभक्ती लावून वापरत बसलो असतो. मुक्तीनंतर टाटांच्या ट्रकबरोबर, घाटावरून आलेल्या मेकॅनिकांबरोबर आणि भारतीय तेल कंपन्यांच्या पाट्यांबरोबर 'डिझेल' हा शब्द आपल्याकडे पक्का झाला. टाटांच्या त्या ट्रकवर १९५४ पासूनच्या करारामुळे डाइम्लर-बेंझचा तारा असे. म्हणजे दोन-तीन जर्मन आडनावे एकाच गाडीतून डिचोलीत उतरली. घाटावर तोवर हा शब्द जुना झाला होता. सातारारोडचा कूपरांचा कारखाना आणि १९४६ साली पुण्यात सुरू झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स यांनी विहिरीवरच्या मोटेला निवृत्त केले होते. शेतकरी त्या यंत्राला नुसते 'इंजिन' म्हणे.

पेडण्यात डिझेलचा अर्थ सीमेशी बांधलेला आहे. पत्रादेवीच्या ज्या रस्त्यावर १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्याच रस्त्याने आज राष्ट्रीय महामार्ग ६६ ची वाहतूक धो-धो वाहते. नाकेबंदीच्या वर्षांत सीमेपलीकडून माल येणे बंद होते आणि मुरगाव बंदरातून जर्मन मोटारी उतरत होत्या. आता सीमा आहे ती कराच्या दराची. गोव्यात इंधनावरचा कर कमी असतो तेव्हा बांदा, सावंतवाडीकडच्या गाड्या टाकी भरायला अलीकडे येतात. मुलखाची हद्द कुठे संपते हे ड्रायव्हरला नकाशावरून कळत नाही, पंपावरच्या आकड्यांवरून कळते. याला कोणी क्षुद्र म्हणेल. मला तर सीमेचा हा सगळ्यांत निरुपद्रवी उपयोग वाटतो.

रेल्वे पेडण्यात आली तीही डिझेलवर. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला, आणि त्या मार्गावर अभियंत्यांना सर्वांत जास्त छळले ते पेडण्याच्याच बोगद्याने. दीड किलोमीटरचा हा बोगदा मऊ, ओल्या मातीतून काढायचा होता. खडक असता तर बरे झाले असते. ऑगस्ट २०२० मध्ये त्याची आतली भिंत कोसळून मार्ग बंद पडला आणि जुलै २०२४ मध्ये आत पाणी शिरून पुन्हा गाड्या अडल्या. आपल्या आजोबांनी 'आगगाडी' आणि 'आगबोट' असे शब्द घडवले, कारण त्यांना आग दिसत होती. डिझेल इंजिनात आग पोलादाच्या आत कोंडलेली असते, म्हणून तिचे नाव कोणी घेत नाही. २०२२ साली कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पूर्ण झाले आणि पेडण्याच्या स्थानकावरचा तो घरघराट विरळ होत गेला. त्याच वर्षाच्या ११ डिसेंबरला मोपाच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तिथून उडणारी विमाने जाळतात ते इंधन घासलेटाच्या सख्ख्या नात्यातले आहे. घासलेट स्वयंपाकघरातून गेले ते असे थेट आकाशात.

किनाऱ्याची गोष्ट एका परिच्छेदात सांगण्यासारखी नाही, तरी उल्लेख करायला हवा. १९७० च्या दशकात यांत्रिक ट्रॉलर किनाऱ्याजवळ मासळी ओढू लागले आणि माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली रापणकार उभे राहिले. त्या भांडणात डिझेल म्हणजे भांडवल आणि वल्हे म्हणजे गाव, असे सरळ दोन पक्ष पडले होते.

डिचोलीत मात्र डिझेल म्हणजे काय, हे सांगायला वेळ लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद कारखान्यांना लोखंडाचा दगड हवा होता आणि तो आपल्या डोंगरांत होता. डिचोली, शिरगाव, साखळी, पाळी, वेळगे, सुर्ला ही नावे पूर्वी कुलदैवते आणि भातशेती यांच्यासाठी माहीत होती, ती आता जहाजांच्या कागदपत्रांवर गेली. सुरुवातीला मजुरांच्या डोक्यावरची टोपली आणि शिडाचे पडाव होते. पण मागणी वाढली तशी यंत्रे आली. ट्रकने दगड नदीकाठच्या धक्क्यावर न्यायचा, बार्जमध्ये ओतायचा, बार्जने मांडवीतून मुरगावला. पावसाळ्यात आग्वादच्या मुखाशी समुद्र खवळला की कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत शिरायचे. खोदणारे यंत्र, ट्रक, बार्ज, खाणीच्या खड्ड्यात साचलेले पाणी उपसणारा पंप, या साखळीतली जवळजवळ प्रत्येक कडी डिझेलवर चालत असे. २०१०-११ च्या सुमारास गोव्याची निर्यात वर्षाला पाच कोटी टनांच्या घरात गेली होती. दहा टनांचा एक ट्रक धरला तर ह्या पन्नास लाख फेऱ्या होतात, आणि त्या सगळ्या तीन-चार तालुक्यांतल्या अरुंद रस्त्यांवरून.

या काळात आपल्या घरांत एक बदल झाला त्याकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. कुळकायद्यानंतर जमिनीचा धागा सैल झाला होता. ज्या घरात पूर्वी खंडाचे भात मोजले जाई, तिथे बँकेचे कर्ज काढून दारात ट्रक उभा राहिला. जमाखर्चाची वही तीच, वरचा 'श्री' तोच. खालचे रकाने बदलले: टायर, ड्रायव्हर, हप्ता, डिझेल. आणि या वह्यांतूनच शब्दाला आणखी एक अर्थ फुटला. 'डिझेल सुटत नाही' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. त्याचा अर्थ टाकीतून तेल गळत नाही असा नाही. फेरीच्या भाड्यातून चालू खर्चही भागत नाही, असा आहे. पूर्वी आपण म्हणत होतो, 'तेलामिठाचे पैसे सुटत नाहीत.' तेल तिथेही होते. फक्त ते फोडणीचे होते. निर्वाहाची सर्वांत खालची पायरी कोणत्या वस्तूने मोजायची, हे त्या त्या काळाची भाषा ठरवते. ट्रकमालकांच्या आंदोलनांत टनामागे, किलोमीटरमागे किती भाडे हा प्रश्न निघाला की डिझेलच्या भावाची बाब त्याला चिकटूनच येई. जानेवारी २०१३ पासून केंद्राने डिझेल दरमहा थोडे थोडे वाढवायला परवानगी दिली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याचा भाव पूर्ण मोकळा केला. तोवर डिझेलचा भाव ही दिल्लीने ठरवायची गोष्ट होती आणि तिचे राजकारण वेगळे होते.

तेव्हा शब्दाच्या अर्थांची उतरंड अशी लागते: माणूस, यंत्र, तेल आणि शेवटी भाडे. पहिले तीन अर्थ जगाचे आहेत. चौथा ज्यांची पोटे चाकांवर आहेत अशा सगळ्यांचा आहे, पण जमिनीवरून चाकांवर एका पिढीत आलेल्या डिचोलीत तो जितका खोल रुतला तितका फार थोड्या ठिकाणी रुतला असेल.

आणि तो रुतला असतानाच चाके थांबली. १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. एप्रिल २०१४ मध्ये वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून ती उठवली. ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्याला पुन्हा सगळे बंद. अंगणातला ट्रक गंजू लागला की 'डिझेल सुटत नाही' हे वाक्यही बोलता येत नाही. त्याला निदान एक फेरी तरी लागते. सरकारने कर्जसवलतीच्या आणि मदतीच्या योजना काढल्या. काहींनी ट्रक विकले, काही जण नोकरीसाठी बाहेर पडले, आणि आपल्या मुलखातल्या पुष्कळ घरांत ती वर्षे अजून नीट बोलली गेलेली नाहीत.

दुसरी बाजूही याच घरांतली आहे, म्हणून ती परक्याची बाजू म्हणून सांगणे बरोबर होणार नाही. शिरगावात, जिथे लइराई देवीच्या जत्रेला व्रतस्थ धोंड अग्नीतून चालतात, तिथे खाणीचे खड्डे भूजलाच्या पातळीखाली गेले आणि विहिरी आटल्याची तक्रार उच्च न्यायालयापर्यंत पोचली. खाणीतले पाणी पंपाने उपसायचे आणि गावाला टँकरने पाणी आणायचे, असा तो व्यवहार. एकाच घरातला थोरला मुलगा खाणीवर ट्रक चालवतो आणि आई कळशी घेऊन टँकरची वाट पाहते, हे चित्र काल्पनिक नाही. खाण हवी की नको हा प्रश्न बाहेरून जितका सोपा दिसतो तितका तो त्या घराच्या ओटीवर सोपा नसतो. माझे मत विचाराल तर ज्या वेगाने त्या पन्नास लाख फेऱ्या झाल्या तो वेग कुठल्याच गावाला झेपणारा नव्हता, आणि तो वेग गावाने ठरवलेलाही नव्हता.

डिझेलच्या आधी या मातीत तेल नव्हते असे मात्र नाही. करंजाच्या बियांचे करंजेल दिव्यात जळे, उंडीच्या बियांचे उंडेल होड्यांना चोपडले जाई. मराठीतला 'तेल' शब्द मुळात तिळाचा. पण करंजेल, उंडेल, खोबरेल असे समास करून त्याने इतरांनाही आत घेतले. २००३ च्या सुमारास नियोजन आयोगाने झाडांच्या तेलापासून डिझेल करण्याची योजना आखली, तेव्हा मोगली एरंडाबरोबर करंजाचेही नाव पुढे आले. पॅरिसच्या प्रदर्शनातला भुईमूग आठवला तर त्यात नवे काही नव्हते. मोगली एरंडाची लागवड फारशी फळाला आली नाही, आणि करंज आपल्या ओढ्याकाठी होता तिथेच आहे.

शब्दांचे मात्र तातडीचे काम आहे. 'गाझोलिना' म्हणणारी माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा पूल कोसळला आणि पुन्हा सगळे जण पाण्यावाटे ये-जा करू लागले, तेव्हा लोक 'फेरीबोट' म्हणत होते. जुना शब्द तेवढ्या अवधीत मागे पडला होता. बार्जवरचे खलाशी, धक्क्यावरचे मुकादम, पहिल्या ट्रकांचे ड्रायव्हर यांच्या बोलीत यंत्रांचे, भागांचे, पाण्याच्या खोलीचे जे शब्द होते ते कोणत्याही कोशात नाहीत. वाचकहो, आपल्या घरात १९५० ते १९८० मधल्या जमाखर्चाच्या वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नका. कोणत्या साली 'डिझेल' हा शब्द पहिल्यांदा लिहिला गेला, तो कोणत्या अक्षरांत लिहिला गेला, आणि त्याच्या आधी त्या ओळीत काय होते, एवढे जरी पाहून आपल्या संस्थेला कळवलेत तरी ते मोलाचे ठरेल.

डिचोलीच्या खनिज पट्ट्याचा लिलाव डिसेंबर २०२२ मध्ये झाला आणि २०२४ साली तिथे काम पुन्हा सुरू झाले. कदंब महामंडळाच्या ताफ्यात विजेच्या बसही आल्या आहेत. केरी-तेरेखोलची फेरीबोट अजून डिझेलवरच नदी ओलांडते.